बेसाल्टखालचा ग्रॅनाइट: कोअरच्या पेटीपासून रासायनिक आलेखापर्यंत

कोयना खोऱ्यात उभं राहिलं की नजर जाईल तिथे काळा कातळ. ग्रॅनाइट पाहायचा तर माणूस नांदेडकडे देगलूर-बिलोलीला जातो, नाहीतर सरळ कर्नाटकात उतरतो. पण तो कोयनेतही आहे, पायाखाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या ६.३ रिश्टरच्या भूकंपाचं मूळ शोधता शोधता २०१२ नंतरच्या काही वर्षांत कोयना-वारणा भागात नऊ शोधविवरं घेतली गेली, तेव्हा तो हाताला लागला. रासाटीच्या १५२२ मीटर खोल विवरात सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट आणि ग्रॅनाइट नाइस, म्हणजे पट्टिताश्म, सुरू झाला. पुढे गोठण्याला सुमारे ३ किलोमीटरचं पथदर्शी विवर झालं; तिथे बेसाल्टची जाडी १२५० मीटरच्या आसपास भरली.

हे मार्गदर्शन एम.एस्सी.चा प्रबंध करणाऱ्या किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यासाठी आहे, ज्याच्या हाती असा काही मीटर कोअर, म्हणजे विवरातून काढलेली खडकाची गोल कांडी, आला आहे आणि ज्याला त्यातून शिलाविज्ञान आणि भूरसायन दोन्ही काढायचं आहे. उदाहरणं कोयनेकडे झुकलेली असतील, पण रीत कुठल्याही ग्रॅनाइटला चालते. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. प्रयोगशाळेतून येणारा आकडा दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत नेमका दिसतो, पण त्याची लायकी करवत लावायच्या आधीच ठरलेली असते. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

पेटीसमोरचा पहिला दिवस

पहिल्या दिवशी काहीही कापू नका. पेट्या खोलीच्या क्रमाने मांडा, कोअर ओला करा आणि नुसता पाहा. कोअर पुस्तकासारखा वाचायचा, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. प्रत्येक रनच्या, म्हणजे ड्रिलच्या एका खेपेच्या, शेवटी ड्रिलरने ठेवलेला ठोकळा असतो, त्यावर खोली लिहिलेली असते. दोन ठोकळ्यांमधलं अंतर ३ मीटर आणि प्रत्यक्ष कोअर २.७ मीटर भरला, तर रिकव्हरी ९० टक्के. उरलेले ३० सेंटिमीटर कुठे गेले? बहुधा तो भाग भेगाळलेला, मऊ पडलेला होता आणि चुरा होऊन पाण्याबरोबर निघून गेला. म्हणजे हरवतो तो नेमका सगळ्यात जास्त बदललेला खडक. ही गोष्ट वहीत लिहून ठेवा. पुढे ‘या विवरात खडक ताजाच आहे’ असं लिहायचा मोह होईल, तेव्हा उपयोगी पडेल.

तुकडे एकमेकांना जुळवून पाहा. फुटलेल्या कडा जिगसॉसारख्या बसल्या पाहिजेत. माझ्या एका जुन्या वहीत पेगमटाइटची, म्हणजे अतिभरड ग्रॅनाइटी खडकाची, एकच शीर दोन वेगळ्या खोल्यांवर नोंदलेली आहे. पेटीतला एक तुकडा कधीतरी कुणीतरी उलटा ठेवला होता आणि मी जुळवून न पाहताच नोंद केली होती. तेव्हापासून मी प्रत्येक तुकड्यावर खालच्या दिशेचा बाण काढतो. बाण कायम एकाच बाजूच्या अर्ध्यावर काढायचा, म्हणजे कापल्यानंतर जपून ठेवायचा अर्धा तोच राहतो.

फोटो कोरडा आणि ओला असे दोन्ही घ्या, पट्टी आणि पेटीचा क्रमांक दिसेल असे. आरक्यूडी, म्हणजे खडक किती सलग आहे याचा निर्देशांक, काढा: रनमधल्या १० सेंटिमीटरपेक्षा लांब सलग तुकड्यांची बेरीज भागिले रनची लांबी. तो अभियंत्यांसाठीचा आकडा आहे, पण भेगांचे पट्टे कुठे आहेत हे तो एका नजरेत दाखवतो आणि आपल्याला त्या पट्ट्यांपासून लांबही राहायचं असतं आणि कधी मुद्दाम जवळही जायचं असतं.

नोंदी करताना रंग, कणांचा आकार, पट्टे, शिरा, संपर्करेषा आणि बदल हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. ‘गुलाबी ग्रॅनाइट’ अशी नोंद निरुपयोगी असते. गुलाबी रंग मूळच्या पोटॅश फेल्स्पारचा आहे, की भेगेतून फिरलेल्या पाण्याने फेल्स्पारमध्ये बारीक हेमाटाइट साठलं म्हणून आलेला? भेगेपासून दूर गेल्यावर रंग फिका पडत गेला तर दुसरं. हिरवट झाक दिसली तर क्लोराइट किंवा एपिडोट शोधा. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून कॅल्साइटच्या शिरा ओळखा; पुढे कॅल्शियमचा हिशेब करताना याच शिरा दगा देतात.

हातात धरायचा चुंबकीय ग्रहणशीलता मोजणारा मीटर मिळाला तर दर २५ किंवा ५० सेंटिमीटरला वाचन घ्या. अत्यंत स्वस्त आणि विनाश न करणारं मोजमाप आहे हे. जपानचे इशिहारा यांनी १९७७ मध्ये ग्रॅनाइटचे मॅग्नेटाइट मालिका आणि इल्मेनाइट मालिका असे दोन गट केले. त्यांची सीमा साधारण ३ × १०⁻³ एसआयच्या आसपास धरतात. मीटर सपाट पृष्ठभागासाठी जुळवलेला असतो, म्हणून गोल कोअरसाठी व्यासानुसार सुधारणा करावी लागते. तीन मीटरात वाचन दहापट पडलं तर मध्ये काहीतरी घडलेलं असतं: संपर्करेषा, नाहीतर मॅग्नेटाइट खाऊन टाकणारं पाणी.

नमुना किती आणि कुठून

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात साधा असेल तर. मसालेभाताच्या एका चमच्यात काजू आला म्हणून पातेलंभर काजू धरायचे नाहीत. भरड ग्रॅनाइट म्हणजे मसालेभात.

हिशेबच करून पाहू. एनक्यू या प्रचलित मापाच्या कोअरचा व्यास ४७.६ मिलिमीटर. १० सेंटिमीटर लांबीच्या तुकड्याचं आकारमान सुमारे १७८ घनसेंटिमीटर. ग्रॅनाइटची घनता २.६५ धरली तर वजन सुमारे ४७० ग्रॅम, अर्धा कापल्यावर २३५. आता त्यात ३ सेंटिमीटर लांब आणि दीड-दीड सेंटिमीटर रुंद-जाड असा पोटॅश फेल्स्पारचा एक मोठा स्फटिक आहे असं समजा. त्याचं वजन १७ ग्रॅम, म्हणजे नमुन्याच्या सात टक्क्यांहून थोडं जास्त. अशा फेल्स्पारमध्ये १४ टक्के आणि बाकीच्या खडकात ४ टक्के पोटॅशियम ऑक्साइड असेल, तर हा एक स्फटिक कापात आला की नाही एवढ्यावरून तुमचा आकडा पाऊण टक्क्याने हलतो. त्या पाऊण टक्क्यावर लोक ‘खोलीनुसार पोटॅशियम वाढत जातं’ असे परिच्छेद लिहितात.

म्हणून बारीक, एकसारख्या ग्रॅनाइटला १५ ते २० सेंटिमीटरचा अर्धा कोअर पुरतो, पण मोठे स्फटिक असतील तर अर्धा मीटर ते मीटरभर सलग घ्यावा लागतो. एनक्यूचा मीटरभर अर्धा कोअर साधारण २.३ किलो भरतो. कोअर संग्रहालयं एवढा देत नाहीत, ही अडचण खरी आहे. कोयनेचा कोअर हाताळणाऱ्या कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीसारख्या संस्थेकडे अर्ज करताना ‘वीस नमुने हवेत’ असं न लिहिता कणांचा आकार, लागणारं वजन आणि त्यामागचा हा हिशेब लिहा. आणि वीस लहान नमुन्यांपेक्षा आठ पुरेसे मोठे नमुने मागा. सल्लागारांना हे नेहमी पटतंच असं नाही. मला मात्र यात शंका वाटत नाही.

पट्टेदार नाइस असेल तर प्रश्न वेगळा होतो. पांढरे पट्टे वितळून बाजूला झालेल्या द्रवाचे आणि काळे मागे उरलेल्या खनिजांचे असतील, तर दोन्ही एकत्र दळून मिळणारा आकडा कुठल्याच शिलारसाचा नसतो. पट्टे एक-दोन मिलिमीटरचे असतील तर एकत्र घेण्यावाचून इलाज नाही. सेंटिमीटरभर जाड असतील तर वेगवेगळे करा.

जागा निवडताना तीन प्रकारचे नमुने मनात ठेवा. पहिले ताजे, भेगा आणि शिरांपासून किमान अर्धा मीटर दूरचे; खडकाच्या जन्माची गोष्ट यांच्यावरूनच सांगायची. दुसरे बदललेले, आणि प्रत्येकाला मीटर-दोन मीटरवरचा ताजा जोडीदार हवा, नाहीतर काय आलं आणि काय गेलं हे कशाशी ताडून पाहणार? तिसरे संपर्करेषेजवळचे. बेसाल्टला लागून असलेला वरचा भाग विशेष जपून हाताळा. लाव्हा येण्याआधी तो उघड्या जमिनीचा पृष्ठभाग होता, ऊन-पावसात कुजलेला असू शकतो, आणि नंतर वरून तापलेला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या ६१७ मीटरच्या विवरात ३३८ मीटर बेसाल्टखाली ८ मीटर गाळाचा थर लागला आणि मग पायाचा खडक. कोयनेच्या विवरांत असा गाळ सापडला नाही, बेसाल्ट थेट जुन्या खडकावर बसलेला आहे. तरीही वरचे काही मीटर ‘ताज्या’ गटात घालू नका.

कापताना लांबीनुसार दोन भाग करा. एक अर्धा संग्रहात परत. दुसऱ्या अर्ध्यातून आधी थिन सेक्शनसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पातळ कापासाठी, एक चीप काढा, झिर्कॉन या बारीक, चिवट खनिजाचं वय काढायची शक्यता असेल तर थोडा भाग वेगळा ठेवा, आणि उरलेला दळायला. थिन सेक्शन आणि पूड एकाच तुकड्यातून आली पाहिजेत. ‘जवळपासच्या’ तुकड्यातून नको.

मळ कुठून चिकटतो

कोअरच्या बाहेरच्या पृष्ठभागाला ड्रिलिंगची सगळी गोष्ट चिकटलेली असते. चिखलात बॅराइट असेल तर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम, रॉडच्या आट्यांना लावलेल्या ग्रीसमधून शिसं, जस्त, तांबं, हिऱ्याच्या करवतीच्या पात्यातून कोबाल्ट, तांबं, टंगस्टन. पेटीवरच्या मार्करची शाई वेगळीच. उपाय कंटाळवाणा आहे पण सोपा. गोल पृष्ठभाग आणि करवतीच्या खुणा सिलिकॉन कार्बाइडच्या कागदावर घासून काढा, शुद्ध पाण्यात धुवा, वाळवा.

कोअर नसून नुसता चुरा मिळाला असेल, म्हणजे कटिंग्ज, तर जास्त सावध राहा. वरच्या बेसाल्टचे कण ढासळून खालच्या ग्रॅनाइटच्या चुऱ्यात मिसळतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड २.५ टक्के आणि ग्रॅनाइटमध्ये ०.२५ टक्के धरलं, तर फक्त ५ टक्के भेसळीने ग्रॅनाइटचा आकडा ०.३६ वर जातो, जवळजवळ दीडपट. चुऱ्यातले काळे, बारीक कणांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने वेचून काढावे लागतात. तांदूळ निवडण्याचाच प्रकार.

दळण्याच्या भांड्याचीही निवड आधी करा. टंगस्टन कार्बाइडचं भांडं झटपट दळतं पण टंगस्टन, कोबाल्ट आणि थोडं टँटलम सोडतं. क्रोम स्टील लोखंड आणि क्रोमियम सोडतं. अॅगेट, म्हणजे अकीक, हळू आहे, पण त्यातून येते ती मुख्यतः सिलिका, आणि ग्रॅनाइटमध्ये ती सत्तर टक्के असतेच. टँटलम वापरणारा एखादा आलेख काढणार असाल तर टंगस्टन कार्बाइडला हात लावू नका. जॉ क्रशरनंतर सगळा खडा एकत्र करून शंकूसारखा ढीग घाला, चार भाग करा, समोरासमोरचे दोन घ्या, पुन्हा तसंच करा. हाताला लागेल तेवढा खडा उचलून दळू नका, कारण अभ्रकाच्या पापुद्र्या आणि जड दाणे ढिगात वेगळे होतात. पूड २०० मेशच्या, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या, चाळणीतून पूर्ण गेली पाहिजे. वर उरलेली फेकायची नाही, ती परत दळायची. अभ्रक शेवटपर्यंत वर राहतं आणि तेच टाकून दिलं तर रुबिडियम त्याच्याबरोबर जातं.

सूक्ष्मदर्शकाआधी प्रयोगशाळा नाही

रसायनाचे निकाल आल्यावर थिन सेक्शन बघणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत. क्रम उलटा हवा. काप पाहून निम्मे नमुने बाद होतात आणि विश्लेषणाचे पैसे वाचतात.

थिन सेक्शनची जाडी ०.०३ मिलिमीटर. बरोबर जाडीला क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, क्रॉस केलेल्या पोलरायझरखाली राखाडी-पांढरी दिसते, फार तर पिवळसर झाक. ती नारिंगी-लाल दिसली तर काप जाड आहे, परत पाठवा. पट्टेदार खडकाचा काप पट्ट्यांना काटकोनात हवा.

मायक्रोक्लीन हा पोटॅश फेल्स्पार चौकडीच्या लुगड्यासारख्या आडव्या-उभ्या जुळ्या रेघांवरून ओळखू येतो, प्लॅजिओक्लेज हा सोडियम-कॅल्शियमचा फेल्स्पार समांतर पट्ट्यांवरून. कृष्णाभ्रकात काळ्या वर्तुळांच्या मधोमध बारीक दाणा दिसला तर तो बहुधा झिर्कॉन, त्याच्या किरणोत्साराने भोवतालचं अभ्रक जळल्यासारखं झालेलं असतं. ते झिर्कॉन अभ्रकाच्या आत आहेत, की कणांच्या कडांवर, की गोलसर झिजलेल्या गाभ्याचे? पुढे तापमान काढताना हाच प्रश्न विचारला जाईल, तेव्हा आताच टिपून ठेवा. हॉर्नब्लेंड आणि टायटनाइट सोबत दिसले, तर तो आग्नेय खडक वितळून आलेला असण्याकडे कल. प्राथमिक मस्कोव्हाइट, गार्नेट किंवा कॉर्डिएराइट दिसलं तर मुळाशी गाळाचा खडक असल्याची शक्यता. मस्कोव्हाइट प्राथमिक आहे ना, हे मात्र तपासा. प्लॅजिओक्लेजच्या पोटात धुळीसारखं पसरलेलं बारीक पांढरं अभ्रक म्हणजे सेरिसाइट, तो नंतरच्या पाण्याचा उद्योग.

खनिजांचं प्रमाण मोजल्याशिवाय खडकाला नाव देऊ नका. क्वार्ट्झ, अल्कली फेल्स्पार आणि प्लॅजिओक्लेज यांची बेरीज १०० धरून स्ट्रेकायझेनच्या वर्गीकरणाच्या त्रिकोणात बिंदू टाकायचा. क्वार्ट्झ २० ते ६० टक्के आणि एकूण फेल्स्पारमध्ये प्लॅजिओक्लेज १० ते ६५ टक्के तर ग्रॅनाइट, ६५ ते ९० तर ग्रॅनोडायोराइट, ९० च्या वर टोनालाइट. १००० बिंदू मोजले आणि क्वार्ट्झ ३० टक्के आलं, तर नुसत्या संख्याशास्त्राने त्यात सुमारे ३ टक्क्यांची अधिकउणे धरावी लागते. भरड खडकात खरी चूक याहून मोठी, कारण एका कापात स्फटिकच मोजके मावतात. अशा वेळी कोअरचा कापलेला सपाट अर्धा रंगवून त्यावर मोजणं जास्त विश्वासाचं. सोडियम कोबाल्टीनायट्राइटने पोटॅश फेल्स्पार पिवळा होतो. मात्र त्याआधी पृष्ठभाग हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या वाफेवर धरावा लागतो आणि ते आम्ल कातडीतून आत जाऊन रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं. फ्यूम हुड, योग्य हातमोजे, कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी आणि सोबत अनुभवी माणूस. यातली एक जरी गोष्ट नसेल तर हा प्रयोग करू नका.

प्रयोगशाळेला काय सांगायचं

मुख्य ऑक्साइडांसाठी लिथियम बोरेटबरोबर वितळवून केलेल्या काचेच्या चकतीवर एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी केलेलं विश्लेषण, आणि सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी आयसीपी-एमएस, म्हणजे द्रावण प्लाझ्मात नेऊन वस्तुमानावरून केलेली मोजणी. ही जोडी सगळीकडे चालते. विद्यार्थी विचारायला विसरतात तो प्रश्न: आयसीपी-एमएससाठी पूड विरघळवणार कशी? उघड्या भांड्यात हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लात ग्रॅनाइट विरघळल्यासारखा दिसतो, पण झिर्कॉन तळाशी तसाच बसून राहतो. झिर्कोनियम, हाफ्नियम आणि जड दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं कमी येतात. बंद टेफ्लॉन बॉम्बमध्ये दाबाखाली विरघळवा, नाहीतर आधी बोरेटबरोबर वितळवून मग आम्लात घ्या. तपासणी अगदी सोपी आहे: एक्सआरएफचं झिर्कोनियम आणि आयसीपी-एमएसचं झिर्कोनियम शेजारी मांडा. पहिलं १५० पीपीएम (दहा लाखांत १५० भाग) आणि दुसरं ९० असेल तर झिर्कॉन भांड्यातच राहिला.

मानक नमुना, म्हणजे ज्याची रचना आधीच माहीत आहे असा नमुना, प्रत्येक गटात घाला, आणि तो ग्रॅनाइटच्या जातीचा असावा: अमेरिकेच्या भूसर्वेक्षणाचे जी-२ आणि जीएसपी-२, जपानचा जेजी-१ए, डेहराडूनच्या वाडिया संस्थेचा डीजी-एच. दहा नमुन्यांमागे एक आपलाच नमुना वेगळ्या नावाने दोनदा पाठवा. प्रयोगशाळेवर अविश्वास म्हणून नव्हे. १९५१ मध्ये अमेरिकेत जी-१ हा ग्रॅनाइट आणि डब्ल्यू-१ हा डायबेज वेगवेगळ्या प्रयोगशाळांना वाटून निकाल ताडून पाहिले, तेव्हा नामांकित लोकांचे आकडेही अपेक्षेपेक्षा बरेच विखुरलेले निघाले. मानक नमुन्यांची आजची सगळी पद्धत त्या धक्क्यातून पुढे आली.

निकाल आल्यावर आधी बेरीज पाहा, ज्वलनहानी, म्हणजे तापवल्यावर घटणारं वजन, धरून ९८.५ ते १०१ च्या दरम्यान हवी. ग्रॅनाइटची ज्वलनहानी दीड-दोन टक्क्यांच्या वर गेली तर तो ‘ताजा’ राहिलेला नाही. मग दुर्मीळ मृदांचा आलेख काढा, कॉन्ड्राइट उल्केतल्या प्रमाणाने भागून. युरोपियम सोडला तर रेघ गुळगुळीत उतरली पाहिजे. करवतीसारखी वर-खाली झाली तर त्यात भूविज्ञान शोधू नका, ती विश्लेषणातली चूक असते. युरोपियमचीही एक खोड आहे. आयसीपी-एमएसमध्ये बेरियम ऑक्साइडचं वस्तुमान युरोपियमच्या १५१ आणि १५३ या दोन्ही समस्थानिकांवर पडतं. हजार-दीड हजार पीपीएम बेरियमच्या ग्रॅनाइटमध्ये ही सुधारणा राहून गेली, तर युरोपियमचा खड्डा (प्लॅजिओक्लेज वेगळा होताना युरोपियम सोबत नेतो, त्याने पडणारा) उथळ दिसतो आणि ‘प्लॅजिओक्लेज वेगळा झालाच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

आकड्यांशी बोलताना

एक काल्पनिक पण नमुनेदार ग्रॅनाइट घेऊ: सिलिका ७२ टक्के, अॅल्युमिना १४.३, कॅल्शियम ऑक्साइड १.६, सोडियम ऑक्साइड ३.७, पोटॅशियम ऑक्साइड ४.२, फॉस्फरस पेंटॉक्साइड ०.१०.

ए/सीएनके, म्हणजे अॅल्युमिना भागिले कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम ऑक्साइडांची बेरीज, काढताना टक्केवारी सरळ भागायची नाही, प्रत्येकाला त्याच्या रेणुभाराने भागून मोल काढायचे. अॅल्युमिना ०.१४०३, कॅल्शियम ०.०२८५, सोडियम ०.०५९७, पोटॅशियम ०.०४४६. उत्तर १.०६. अॅपेटाइटमध्ये अडकलेला कॅल्शियम वजा केला तर १.०७ ते १.०८. चॅपेल आणि व्हाइट यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लॅकलन पट्ट्यावरून आय (आग्नेय खडक वितळून आलेले) आणि एस (गाळाचा खडक वितळून आलेले) असे प्रकार मांडले, तिथली सीमा १.१. आपला नमुना आय बाजूला पडला.

आता हाच खडक भेगेजवळचा आहे असं समजा. पाण्याने प्लॅजिओक्लेज कुजवला, सोडियम ३.०वर आणि कॅल्शियम १.० वर आलं, बाकी तसंच. फॉस्फरसची सुधारणा बाजूला ठेवून नवं उत्तर १.२७. रातोरात एस प्रकार! शिलारसाच्या उगमात काहीच बदललेलं नाही, फक्त भेगेतून पाणी फिरलं. भूकंपप्रवण पट्ट्यातल्या कोअरमध्ये भेगा असणारच, म्हणून ए/सीएनके खोलीसमोर मांडून शेजारी आरक्यूडी आणि ज्वलनहानीचे रकाने लावा. एकाच जागी आरक्यूडी कोसळला आणि बाकी दोन्ही उसळले तर उगमाबद्दल त्या नमुन्याला काही विचारू नका. त्याला पाण्याबद्दल विचारा: त्याचा ताजा जोडीदार घ्या, अॅल्युमिना, टायटॅनियम आणि झिर्कोनियम स्थिर धरा, आणि कोणतं मूलद्रव्य किती आलं-गेलं याचा हिशेब मांडा. कोयनेसारख्या ठिकाणी हा उपप्रश्न मूळ प्रश्नाइतकाच मोलाचा आहे.

झिर्कॉन संपृक्ततेचं तापमान, म्हणजे झिर्कोनियमच्या प्रमाणावरून शिलारसाचं तापमान, आता सगळेच काढतात. वॉटसन आणि हॅरिसन यांचं १९८३ चं सूत्र आमच्या नमुन्याला लावलं, लोह-मॅग्नेशियम नेहमीइतकं आणि झिर्कोनियम १५० पीपीएम धरून, तर सुमारे ७८० अंश सेल्सिअस येतं. झिर्कॉन न विरघळल्यामुळे ९० पीपीएम आलं असतं तर सुमारे ७४० अंश. चाळीस अंशांनी ‘थंड’ शिलारस एका उघड्या भांड्यातून जन्माला आला असता. उलट बाजूने, गाभ्यात जुने झिर्कॉन वारशाने आलेले असतील तर तापमान जास्त दिसतं. आणि अर्धवट वितळलेल्या पट्टेदार नाइसला हे सूत्र लावूच नये. तो पूर्ण द्रव कधी नव्हताच.

जागतिक आलेखांबाबत माझं मत थोडं कडवट आहे. पिअर्स यांचा १९८४ चा रुबिडियम विरुद्ध इट्रियम अधिक निओबियम हा आलेख फार कामाचा आहे, पण तो तुलनेने तरुण, ज्ञात भूतबकांच्या परिसरातल्या ग्रॅनाइटवरून बेतलेला आहे. दख्खनखालचा हा पाया अभ्यासक कर्नाटकातल्या धारवाड क्रेटॉनशी, म्हणजे प्राचीन भूखंडाच्या गाभ्याशी, जोडतात, म्हणजेच अडीच अब्ज वर्षांहून जुन्या आर्कीयन काळाशी. बिंदू ‘ज्वालामुखी कमान’ या खणात पडला म्हणून त्या काळी इथे आजच्या अँडीजसारखी पर्वतरांग होती असं लिहू नका. त्याऐवजी धारवाडच्याच खडकांशी तुलना करा: सोडियमयुक्त, इट्रियम कमी आणि स्ट्रॉन्शियम जास्त असलेले जुने टोनालाइटी नाइस एका टोकाला, आणि सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या क्लोजपेटसारखे पोटॅशियमयुक्त ग्रॅनाइट दुसऱ्या. तुमचे नमुने या दोन्हींच्या मध्ये कुठे बसतात, हे विचारण्यात जास्त अर्थ आहे.

एक फायदा मात्र जाता जाता मिळतो. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचे आकडे हाती आलेलेच असतात, त्यांतून खडक किती उष्णता निर्माण करतो ते काढा. घनता किलो प्रति घनमीटरमध्ये घेऊन तिला ९.५२ गुणिले युरेनियम, २.५६ गुणिले थोरियम (दोन्ही पीपीएममध्ये) आणि ३.४८ गुणिले पोटॅशियम (टक्क्यांत) यांच्या बेरजेने गुणायचं आणि एक लाखाने भागायचं. युरेनियम ४, थोरियम १८ आणि पोटॅशियम ३.५ असेल तर सुमारे २.५ मायक्रोवॅट प्रति घनमीटर. ऑक्साइडचा आकडा घालू नका, पोटॅशियम ऑक्साइडला ०.८३ ने गुणून पोटॅशियम काढा. कोयनेत भूकंप होतात त्या खोलीवर खडक किती तापलेला आहे, हे सांगणाऱ्या प्रत्येक गणितात हा आकडा लागतो, आणि तो भूभौतिकीवाल्यांना तुमच्याकडूनच हवा असतो. देताना नमुन्याची खोली, वजन आणि थिन सेक्शनचा क्रमांक सोबत द्या.